ट्यूबमधल्या रसाची फिल्म टर्ब्युलंट कधी होते, आणि त्यासाठी पंप वाढवावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. साखर कारखान्यातल्या रस आटवणाऱ्या चार बॉडींच्या (इव्हॅपोरेटरच्या भांड्यांच्या) सेटमधली तुमची तिसरी बॉडी फॉलिंग फिल्मची आहे, म्हणजे तिच्यात रस उभ्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवरून पातळ थराने खाली उतरतो. वेटिंग रेट, म्हणजे ट्यूब भिजवणारा प्रवाह, ट्यूबच्या परिघाच्या दर सेंटिमीटरला ताशी १० लिटर, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखर वगैरे पदार्थांचे टक्के) ३५ च्या आसपास, तापमान ८५ अंश. त्यावरून तुम्ही रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत, म्हणजे लॅमिनर, की घुसळलेला, म्हणजे टर्ब्युलंट, हे सांगणारा आकडा) काढला, तो ३१० आला. एका पुस्तकात फिल्मसाठी टर्ब्युलन्सची मर्यादा ४००, दुसऱ्यात १६००, आणि कॉलेजपासून डोक्यात पाईपचा २३००. साइट ग्लासमधून मात्र फिल्मवर लाटा स्पष्ट दिसतात. साहेब म्हणतात, रिसर्क्युलेशन (तळाचा रस पंपाने पुन्हा वर नेणं) दुप्पट करा, फिल्म टर्ब्युलंट होईल, हीट ट्रान्सफर वाढेल, स्केलिंग (ट्यूबच्या आत कडक थर बसणं) थांबेल. तुमचा प्रश्न असा, की फिल्म आत्ता टर्ब्युलंट आहे की नाही, आणि साहेबांचं ऐकावं की नाही.

माझी सव्वीस वर्षं इव्हॅपोरेटर आणि पॅन यांच्या सोबतीत गेलीत. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या दोन प्रश्नांतला दुसरा जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्यावर तुम्हाला वाटतं तितकं अवलंबून नाही. तरी आकड्यांचा गोंधळ आधी सोडवू, नाहीतर पुढचं सगळं त्यातच अडकेल.

४०० आणि १६०० हे एकच आहेत. परिघाच्या एका मीटरवरून दर सेकंदाला जितके किलो द्रव उतरतो, त्याला आपण गॅमा म्हणतो. काही लेखक फिल्मचा रेनॉल्ड्स नंबर गॅमा भागिले म्यू (म्यू म्हणजे व्हिस्कॉसिटी, द्रवाचा दाटपणा) असा घेतात, काही चार गॅमा भागिले म्यू. हे चार उगाच आलेले नाहीत. पाईपसाठी आपण व्यास घेतो. फिल्मला व्यास नसतो, म्हणून हायड्रॉलिक व्यास काढावा लागतो. फिल्मची भिंत एकाच बाजूला, दुसरी बाजू मोकळी. चार गुणिले क्षेत्रफळ भागिले ओला परिघ केलं की जाडीच्या चौपट येते. हा व्यास घेतला की फिल्मचा आकडा पाईपच्या २३०० शेजारी ठेवून बघता येतो, म्हणून मी चारवालाच वापरते. तुमचा ३१० हा बिनचारचा. चारने गुणला की १२४०. यापुढे सगळीकडे हाच.

आता १२४० म्हणजे काय? १९१६ साली नुसेल्टने भिंतीवरून गुळगुळीत उतरणाऱ्या लॅमिनर फिल्मचं गणित मांडलं, ते अजून आपण वापरतो. त्या सूत्राने तुमच्या फिल्मची जाडी सुमारे ०.४२ मिमी आणि सरासरी वेग सेकंदाला ६५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे दहा मीटरच्या ट्यूबमध्ये वरून निघालेला रस पंधरा सेकंदांत तळाला. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा: अर्धा मिलिमीटरही जाडी नाही, आणि त्यात आपण टर्ब्युलन्स शोधतोय.

पण गुळगुळीत फिल्म प्रत्यक्षात जवळपास कधीच नसते. उभ्या भिंतीवरच्या फिल्मचं स्थैर्याचं गणित बेंजामिनने १९५७ मध्ये आणि यीने १९६३ मध्ये केलं. निष्कर्ष असा, की उभ्या भिंतीवर ही फिल्म कुठल्याही रेनॉल्ड्स नंबरला अस्थिरच असते. भिंत जितकी आडवी कललेली, तितकी लाटा सुरू व्हायला थोडी मर्यादा मिळते. भिंत पूर्ण उभी झाली की ती मर्यादा शून्यावर येते. डोळ्यांना लाटा दिसू लागतात त्या साधारण २०-३० च्या पुढे, कारण त्याआधी त्या फारच हळू वाढतात. त्याआधी १९४८-४९ मध्ये कपित्सा पितापुत्रांनी याच लाटांवर बारकाईने प्रयोग केले होते. थोरले प्योत्र कपित्सा तेव्हा आपल्या संस्थेतून दूर केलेले होते आणि गावाकडच्या घरात काम करत होते. फिल्मच्या पृष्ठताणासाठी आपण जो आकडा वापरतो, त्याला त्यांचं नाव आहे.

म्हणजे साइट ग्लासमधल्या लाटा टर्ब्युलन्सचा पुरावा नाहीत. ही चूक मी अनुभवी माणसांकडूनही ऐकली आहे. पावसाळ्यात घाटातल्या उताराच्या रस्त्यावर उभं राहून बघा. डांबरावरून पातळ पाणी वाहत असतं आणि त्यावर एकामागून एक आडव्या लाटा पायऱ्यांसारख्या खाली सरकत येतात. दोन लाटांच्या मधलं पाणी मात्र शांत, काचेसारखं. ट्यूबमध्ये अगदी हेच होतं. वरच्या काही सेंटिमीटरांत बारीक, नियमित लहरी. खाली जाताना मोठ्या लाटा छोट्यांना गिळतात आणि मोठे एकटे उंचवटे तयार होतात. प्रत्येकाच्या पुढे बारीक सुरकुत्यांची झालर. उंचवट्याची जाडी मधल्या थराच्या कितीतरी पट. बहुतेक रस या उंचवट्यांतूनच वाहून जातो, आणि मधला पातळ थर भिंतीला जेमतेम चिकटून असतो.

इथेच टर्ब्युलन्सच्या सुरुवातीचं खरं स्वरूप कळतं. तो सगळ्या फिल्ममध्ये एकदम येत नाही. उंचवट्याच्या पोटात स्थानिक जाडी आणि वेग दोन्ही जास्त असतात, त्यामुळे स्थानिक रेनॉल्ड्स नंबर सरासरीच्या बराच वर असतो. म्हणून घुसळण आधी तिथे सुरू होते. मधला थर लॅमिनरच राहतो. लाट गेली की तिथली घुसळण मावळते, दुसरी आली की पुन्हा. पाईपमध्येही सुरुवात अशीच तुटक होते. १८८३ साली मँचेस्टरला ऑसबोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाचा धागा सोडून पाहिलं, तेव्हा त्यालाही टर्ब्युलन्स मधूनमधून झटक्यांनी येताना दिसला होता. फिल्ममध्ये हा मधला पट्टा जास्तच रुंद आहे. १९७२ मध्ये इशिगाई आणि सहकाऱ्यांनी केलेल्या वर्गीकरणात हा संक्रमणाचा पट्टा, चारच्या हिशेबात, ३०० ते १६०० असा येतो. तुमचा १२४० त्याच्या वरच्या अर्ध्यात आहे. तुमची फिल्म धड लॅमिनर नाही, पूर्ण टर्ब्युलंटही नाही, आणि असं असणं अगदी रास्त आहे.

पुढे प्रवाहाचा टर्ब्युलन्स आणि उष्णतेचा टर्ब्युलन्स वेगळे धरावे लागतात. चुन आणि सेबन यांनी १९७१ मध्ये पाण्याच्या बाष्पीभवन होणाऱ्या फिल्मवर मोजमापं केली आणि लाटांच्या लॅमिनर भागासाठी एक आणि टर्ब्युलंट भागासाठी एक असे दोन नियम दिले. ते दोन नियम जिथे एकमेकांना छेदतात, तो रेनॉल्ड्स नंबर ५८०० भागिले प्रँटल नंबरचा १.०६ वा घात. (प्रँटल नंबर म्हणजे द्रवाची व्हिस्कॉसिटी त्याच्या उष्णता पसरवण्याच्या क्षमतेच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा.) १०० अंशाच्या पाण्याला प्रँटल पावणेदोन, म्हणजे हा बिंदू सुमारे ३२००. तुमच्या रसाचा प्रँटल मी सहा धरते. तिथे तो ८५० ते ९०० वर येतो. याचा अर्थ असा, की रस जितका उष्णतेला आळशी, तितकी थोडीशी घुसळणही हीट ट्रान्सफरमध्ये लवकर दिसते. म्हणून तुमच्या १२४० ला हीट ट्रान्सफरच्या दृष्टीने फिल्म टर्ब्युलंट नियमाकडे झुकलेली आहे, जरी प्रवाहाच्या दृष्टीने ती १६०० च्या आत असली.

पण हे सूत्र डोळे झाकून शेवटच्या बॉडीला लावू नका. ६० अंशाला ६० ब्रिक्सच्या सिरपची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या कित्येक पट, जवळपास १० मिलिपास्कल-सेकंद. तिथे वेटिंग रेट १५ लिटर ठेवला तरी रेनॉल्ड्स नंबर २०० च्या आसपास आणि फिल्म एक मिलिमीटर जाड. प्रँटल सत्तरच्या घरात. सूत्रात घातलं तर ते सांगेल की सिरप ६५ ला टर्ब्युलंट झालं. ते प्रयोग पाण्यावर होते. इतक्या दूर त्यांना ताणणं चुकीचं. शेवटच्या बॉडीला मी लाटांची लॅमिनर फिल्म धरूनच हिशेब करते. उलट पहिल्या बॉडीत ११० अंशाचा पातळ रस त्याच १५ लिटरला चार हजारांच्या पुढे असतो आणि तिथे टर्ब्युलंट धरायला मला काहीच शंका नसते. एकाच सेटमध्ये एका टोकाला चार हजार, दुसऱ्या टोकाला दोनशे. म्हणून ‘इव्हॅपोरेटरमध्ये फिल्म टर्ब्युलंट असते का’ या प्रश्नाला मी कुणालाही एका शब्दात उत्तर देत नाही.

तुमच्या एका ट्यूबमध्येसुद्धा आकडा बदलतो, हे विसरू नका. खाली जाताना पाणी उडतं, गॅमा घटतो, ब्रिक्स आणि व्हिस्कॉसिटी वाढते. १२ टक्के बाष्पीभवन झालं आणि व्हिस्कॉसिटी वीस टक्क्यांनी वाढली, तर वरचा १२४० तळाला सुमारे ९०० होतो. रस सर्वांत घट्ट असतो तिथेच फिल्म सर्वांत दुबळी. वाफेचंही तसंच: ट्यूबमधली वाफ रसाबरोबरच खाली धावते आणि तळाजवळ तिचा वेग सर्वांत जास्त. ११० अंशाला एक किलो वाफ सव्वा घनमीटरहून थोडी कमी जागा घेते, ६० अंशाला साडेसात घनमीटरहून जास्त. म्हणून शेवटच्या बॉडीत वाफ फिल्मला ओढते, पातळ करते, लाटांचे शेंडे फाडते. वाफेचा मोठा जोर असेल तर वरचे कुठलेच आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिसऱ्या बॉडीत हा जोर मध्यम असतो, त्यामुळे तुमच्यासाठी मी तो बाजूला ठेवते.

आता साहेबांचा मुद्दा. रिसर्क्युलेशन दुप्पट केलं तर फिल्मचा कोइफिशंट, म्हणजे उष्णता पुढे देण्याची क्षमता, किती वाढेल? टर्ब्युलंट नियमात तो रेनॉल्ड्सच्या ०.४ घाताने वाढतो, म्हणजे दुपटीला सुमारे ३२ टक्के. लाटांच्या लॅमिनर भागात मात्र उलट: तिथे घात उणे ०.२२, म्हणजे प्रवाह दुप्पट केला की कोइफिशंट १४ टक्के घटतो, कारण फिल्म जाड होते आणि घुसळण वाढत नाही. शेवटच्या बॉडीवर कुणी पंप वाढवून ‘टर्ब्युलन्स आणायला’ निघालं, तर हातात हेच पडेल.

तुमच्या तिसऱ्या बॉडीत ३२ टक्के खरे धरू. तरी एकूण कोइफिशंट ३२ टक्क्यांनी वाढत नाही. माझ्या हिशेबाने तुमच्या फिल्मचा कोइफिशंट २८०० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विनच्या आसपास. बाहेरच्या वाफेच्या बाजूला ८०००, स्टेनलेस ट्यूब १.२ मिमी, आणि आत ०.२ मिमी स्केल, ज्याची उष्णतेची वहनक्षमता एक वॉट प्रति मीटर-केल्विन धरली. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घाला. एकूण येतं १३००. फिल्म ३२ टक्क्यांनी सुधारली की एकूण १५०० च्या जवळ, म्हणजे १३ टक्के. एवढ्यासाठी पंपाची वीज दुपटीहून कमी लागणार नाही. शिवाय रिसर्क्युलेट होणारा रस बॉडीच्या आउटलेटच्या ब्रिक्सचा असतो. तो वर नेऊन ताज्या रसात मिसळला की ट्यूबच्या तोंडालाच ब्रिक्स वाढतो, व्हिस्कॉसिटी वाढते, रेनॉल्ड्स नंबर पुन्हा खाली येतो, बॉयलिंग पॉइंट चढतो आणि तापमानाचा फरक कमी होतो. रस गरम जागी जास्त वेळ फिरतो तो वेगळा. रंग वाढला की शिफ्ट केमिस्ट तुम्हालाच विचारणार. तेरा टक्क्यांतला बराच भाग असाच जातो.

मग रिसर्क्युलेशन कधीच वाढवू नये का? वाढवावं, पण ट्यूब कोरडी पडत असेल तेव्हा. इथे माझं मत ठाम आहे: फॉलिंग फिल्ममध्ये फिल्म टर्ब्युलंट आहे की नाही यापेक्षा ती प्रत्येक ट्यूबमध्ये, पूर्ण परिघावर, तळापर्यंत टिकते का, हे शंभरपट महत्त्वाचं आहे. लॅमिनर ट्यूब काम करते, थोडं कमी करते एवढंच. कोरडी ट्यूब आधी थोडं काम गमावते, मग रस तिथे भाजतो, स्केल बसतं, स्केलमुळे आणखी कोरडी होते.

एका कारखान्याच्या बॉडीबद्दल सांगते. हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात एकूण कोइफिशंट झपाट्याने घसरला. सगळ्यांनी रेनॉल्ड्सवर बोट ठेवलं, पंप बदलायचा प्रस्तावही तयार झाला. मी क्लीनिंगच्या दिवशी तळाच्या मॅनहोलमधून आत गेले. फिटरने टॉर्च वर धरला आणि एकेक ट्यूब बघत जाताना म्हणाला, “मॅडम, ह्या बाजूच्या समद्या ट्यूबांत एक तपकिरी पट्टा हाय बघा, वरपातूर.” खरोखरच होता, प्रत्येक ट्यूबमध्ये एकाच दिशेला, दोन बोटं रुंद, चहाच्या डागासारखा. वरची डिस्ट्रिब्युटर प्लेट लेव्हलला नव्हती, आणि एका कोपऱ्यातली भोकं बारीक भुशाने बुजली होती. लेव्हलिंग केलं, रसाच्या लाइनवरची जाळी बदलली. पंपाला हात लावला नाही.

म्हणून तुम्हाला सुचवते ते असं. पुढच्या क्लीनिंगला बॉडी उघडी असताना वर थंड पाणी सोडा, तुमच्या नेहमीच्याच प्रवाहाने. खाली मॅनहोलमधून एक लिटरचा मग आणि स्टॉपवॉच घेऊन जा. तुमची ट्यूब ४५ मिमीची, आतला परिघ साधारण १३.४ सेंटिमीटर, ताशी १० लिटरच्या हिशेबाने एका ट्यूबमधून मिनिटाला सव्वादोन लिटर उतरायला हवं, म्हणजे लिटरचा मग सुमारे २७ सेकंदांत भरायला हवा. मध्यभागी दहा, कडेला दहा, चारही बाजूंना मिळून तीस-चाळीस ट्यूब मोजा. २७ च्या जागी कुठे १५ आणि कुठे ५० सेकंद येत असतील, तर तुमचं दुखणं तिथे आहे, रेनॉल्ड्समध्ये नाही. मोजताना ट्यूबच्या तोंडाला हात किंवा नळी लावून शेजारचं पाणी आत येऊ देऊ नका, नाहीतर सगळे आकडे खोटे येतील.

थंड पाणी वापरून गरम रसाचं कसं कळेल, असं वाटेल. २७-२८ अंशाच्या पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी भागिले घनता) सेकंदाला ०.८५ चौरस मिमीच्या आसपास, तुमच्या ८५ अंशाच्या रसाची ०.९. म्हणजे तितक्याच प्रवाहाला रेनॉल्ड्स नंबर जवळजवळ तोच आणि फिल्म जवळजवळ तितकीच जाड. वेगळेपणा पृष्ठताणात आहे: थंड पाण्याचा जास्त, त्यामुळे ते गरम रसापेक्षा लवकर फाटून पट्ट्यांत जातं. म्हणून स्वच्छ ट्यूबमध्ये पाण्याने पूर्ण परिघ ओला राहिला, तर रसाबद्दल मी बऱ्यापैकी निश्चिंत असते. ही जुळणी फक्त तिसऱ्या बॉडीपुरती आहे; शेवटच्या बॉडीला थंड पाणी तसं चालत नाही.

आणखी एक. एकदा कोरडा पडलेला पट्टा पुन्हा ओला करायला जेवढा प्रवाह लागतो, तो ओला ठेवायला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून बॉडी सुरू करताना पहिली दहा-पंधरा मिनिटं पंप पूर्ण उघडा ठेवा, सगळ्या ट्यूब भिजू द्या, वाफ त्यानंतर सोडा, आणि मग प्रवाह नेहमीच्या पातळीवर आणा. पंप तात्पुरता बंद पडला तर परत सुरू करतानाही हेच. वाफ चालू असताना कोरड्या ट्यूबवर हळूहळू रस वाढवत नेणं मी कुणालाही करू देत नाही.

साहेबांशी बोलताना आकड्यांपासून सुरुवात करू नका, मग आणि स्टॉपवॉचचे आकडे समोर ठेवा. ते सगळीकडे सारखे आले आणि तरीही स्केल लवकर बसत असेल, तर मग प्रवाह १० वरून १२-१३ लिटरपर्यंत वाढवून एक आठवडा बघा, दुप्पट नको. त्या आठवड्यात रोज दोनदा तिन्ही गोष्टी लिहून ठेवा: बॉडीच्या इनलेट-आउटलेटचा ब्रिक्स, कॅलेंड्रिया (ट्यूबभोवतीचा तापवणाऱ्या वाफेचा भाग) आणि रसातून निघणारी व्हेपर यांच्या तापमानातला फरक, आणि सिरपचा रंग. तुमच्या ट्यूबची लांबी आणि डिस्ट्रिब्युटरची भोकं ट्यूबच्या वर आहेत की दोन ट्यूबमधल्या प्लेटवर, हे कळवलंत तर मी वेटिंग रेट पुन्हा तपासून देईन.